स्वस्त गेमिंग संगणकाची घटकनिवड : एक ऐतिहासिक अभ्यास (१९८१ ते २०२५)

बीजसंज्ञा : घटकनिवड, असेंबल्ड संगणक, प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, बाजारविभागणी, ओव्हरक्लॉकिंग

प्रस्तावना :

वस्तूंचा इतिहास हा आता इतिहासलेखनातील मान्य प्रांत आहे. मीठ, कापूस, चहा, सायकल, शिवणयंत्र यांवर ग्रंथ लिहिले गेले आणि त्यांतून बाजार, घर आणि सत्ता यांचे परस्परसंबंध उलगडत गेले. वैयक्तिक संगणकाच्या बाबतीत मात्र लेखन बहुतांशी निर्मात्यांच्या बाजूने झालेले दिसते. कोणत्या कंपनीने कोणती चिप केव्हा आणली, स्पर्धेत कोण टिकले व कोण बुडाले, असा तो वृत्तान्त असतो. खिशातील रक्कम आधीच ठरलेली असताना दुकानाच्या काउंटरसमोर उभ्या असलेल्या ग्राहकाने प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड आणि वीजपुरवठा यांत ती रक्कम कशी वाटली, हा प्रश्न त्यात क्वचितच येतो. प्रस्तुत लेखात या वाटणीचा इतिहास तपासला असून त्यासाठी कमी खर्चातील गेमिंग संगणक हे उदाहरण घेतले आहे.

'गेमिंग' हा शब्द वाचून काही सहकारी प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील, याची लेखकाला कल्पना आहे. तथापि हे उदाहरण घेण्यास सबळ कारण आहे. पत्रलेखन, हिशेब, सादरीकरण ही कामे दहा वर्षांपूर्वीच्या यंत्रावरही निभावतात. खेळ मात्र यंत्राच्या जवळजवळ सर्व भागांवर एकाच वेळी भार टाकतो आणि तोही सेकंदाच्या तीसाव्या किंवा साठाव्या भागात उत्तर मागतो. परिणामी घटकांच्या निवडीत झालेली चूक खेळाच्या पडद्यावर तत्काळ उघडी पडते. ज्याच्याकडे भरपूर पैसा आहे तो सर्वच भाग उत्तम घेतो. त्याला निवड करावी लागत नाही. निवडीचा इतिहास हा म्हणूनच मुख्यतः तुटपुंज्या रकमेचा इतिहास ठरतो.

लेखाची मांडणी थोडक्यात अशी आहे. निर्मात्यांनी अनेकदा एकच चिप वेगवेगळ्या नावांनी व किमतींनी विकली. नाव आणि प्रत्यक्ष क्षमता यांत त्यामुळे जी फट पडली, ती काटकसरी ग्राहकाने ओळखली व वापरली. पुढे निर्मात्यांनी ती फट बुजवली आणि नंतर तिची दिशाच उलटी केली.

मोकळी रचना :

सुटे भाग निवडण्याची शक्यताच मुळात एका व्यावसायिक घाईतून निर्माण झाली. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमने आपला पहिला पीसी जाहीर केला. तो लवकर बाजारात आणण्यासाठी कंपनीने स्वतःचे भाग घडवण्याऐवजी बाजारातील तयार भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, कार्यप्रणाली मायक्रोसॉफ्टची, आणि मदरबोर्डवर इतरांची कार्डे बसवता येतील असे मोकळे स्लॉट. एवढेच नव्हे, तर तांत्रिक पुस्तिकेत विद्युतमंडलाच्या आकृत्याही छापल्या. आयबीएमच्या हाती राखीव असे उरले ते बायोस. कॉम्पॅक कंपनीने मूळ संहिता न पाहिलेल्या अभियंत्यांकडून तिच्यासारखेच वागणारे बायोस लिहून घेतले आणि १९८२च्या अखेरीस आपला सुसंगत संगणक जाहीर केला. १९८४पासून फीनिक्स कंपनी असे बायोस कोणालाही विकू लागली. तेव्हापासून पीसी हा एका कंपनीचा माल न राहता भागांमधील एक करार झाला.

या कराराचे महत्त्व आपण सहसा विसरतो. दूरचित्रवाणी संच किंवा मोटारसायकल घेताना ग्राहक पूर्ण वस्तू निवडतो. पीसी घेताना तो वस्तूच्या आतील प्रमाण निवडू शकतो. मोटारसायकलच्या दुकानात 'इंजिन लहान चालेल, पण ब्रेक चांगले द्या' असे कोणी म्हणत नाही. संगणकाच्या दुकानात तसे म्हणता येते.

डूम, क्वेक आणि अपूर्णांकांचे गणित :

प्रमाणाचा हा प्रश्न किती सूक्ष्म होता, हे १९९०च्या दशकातील दोन खेळांच्या तुलनेने स्पष्ट होते.

१९९१मध्ये इंटेलने ४८६एसएक्स हा स्वस्त प्रोसेसर आणला. महागड्या ४८६डीएक्समध्ये अपूर्णांकांची आकडेमोड करणारा स्वतंत्र विभाग होता, ज्याला फ्लोटिंग पॉइंट युनिट म्हणतात. सुरुवातीच्या एसएक्समध्ये हा विभाग चिपवर अस्तित्वात असूनही बंद करून ठेवलेला होता. ज्यांना पुढे तो हवा असेल त्यांच्यासाठी इंटेलने ४८७एसएक्स नावाची पूरक चिप विक्रीस ठेवली. ही 'पूरक' चिप म्हणजे प्रत्यक्षात पूर्ण ४८६डीएक्सच होती. ती बसवली की मूळ प्रोसेसर निष्क्रिय होत असे. अर्थशास्त्राच्या वर्गात बाजारविभागणी शिकवताना याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण आहे.

डिसेंबर १९९३मध्ये 'डूम' हा खेळ आला. त्याची सर्व भूमिती पूर्णांकांवर आधारलेल्या पद्धतीने, म्हणजे फिक्स्ड पॉइंट गणिताने चालत असे. अपूर्णांकांच्या विभागाची त्याला गरजच नव्हती. परिणामी समान वेगाच्या एसएक्स आणि डीएक्समध्ये डूम खेळणाऱ्यास व्यवहारतः फरक पडत नसे. याउलट, प्रोसेसरने रंगवलेले चित्र पडद्यापर्यंत पोहोचवणारा मार्ग अरुंद असेल तर मात्र अडत असे. म्हणजे ज्याने डीएक्सचे पैसे वाचवून वेगवान लोकल बसचे व्हिडिओ कार्ड घेतले, तो शहाणा ठरला. जाहिरातीत मात्र मोठ्या अक्षरांत प्रोसेसरचेच नाव असे.

अडीच वर्षांनी हे गणित पार उलटले. जून १९९६मध्ये त्याच आयडी सॉफ्टवेअर कंपनीचा 'क्वेक' प्रकाशित झाला. यातील जग खऱ्या अर्थाने त्रिमितीय होते आणि भिंतींवरील नक्षी योग्य दृष्टिकोनात दिसण्यासाठी सतत भागाकार करावे लागत. पेंटियममध्ये असा अपूर्णांकांचा भागाकार चालू असताना इतर विभाग चित्राचे बिंदू रंगवू शकत. मायकेल अ‍ॅब्रॅश या प्रोग्रामरने दर सोळा बिंदूंमागे एक भागाकार, असे हे काम बेतले होते. दुसऱ्या शब्दांत, हा खेळ पेंटियमच्या मापाने शिवलेला होता.

याचा फटका बसला तो काटकसर करणाऱ्यांना. सायरिक्स कंपनीचा ६एक्स८६ हा पेंटियमपेक्षा स्वस्त होता आणि कार्यालयीन कामांत खरोखरच चांगला होता. त्याच्या नावापुढे 'पी१६६+' असा शिक्का असे. याचा अर्थ तो १३३ मेगाहर्ट्झवर चालत असूनही १६६ मेगाहर्ट्झच्या पेंटियमएवढे काम करतो, असा दावा. पूर्णांकांच्या कामापुरता हा दावा खोटा नव्हता. पण अपूर्णांकांचा विभाग दुबळा असल्याने क्वेकमध्ये तो खालच्या पेंटियमच्याही मागे पडे. सायरिक्स घेणाऱ्याने फसवणूक करून घेतली असे म्हणता येत नाही. त्याने ज्या कसोट्या पाहिल्या त्या जुन्या कामांच्या होत्या आणि विकत घेतलेल्या यंत्रावर नवे काम येऊन आदळले. पूर्वीच्या अनुभवातून भविष्याची खरेदी करणाऱ्या प्रत्येकाला हा धोका असतो, मग ती बियाण्याची असो वा संगणकाची.

त्याच १९९६मध्ये थ्रीडीएफएक्स कंपनीची 'व्हूडू' ही त्रिमितीय चित्रांसाठीची चिप आली. तिच्या कार्डावर ४ मेगाबाइट मेमरी असे. कार्ड नेहमीचे द्विमितीय काम करीतच नसे. आधीच्या व्हिडिओ कार्डाला ते एका केबलने जोडावे लागे. त्या वर्षी मेमरी चिपच्या किमती मोठ्या प्रमाणात कोसळल्या नसत्या, तर असे कार्ड घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आले नसते. जानेवारी १९९७मध्ये क्वेकची त्यासाठीची आवृत्ती उपलब्ध झाली आणि रंगवण्याचे काम प्रोसेसरकडून निघून कार्डाकडे गेले. भूमितीचे गणित प्रोसेसरकडेच राहिल्याने सायरिक्सवाल्यांचे दुःख काही अंशीच हलके झाले. परंतु खर्चाच्या वाटणीत एक नवा मुख्य धनी आला. 'प्रोसेसरमध्ये थोडे कमी, ग्राफिक्स कार्डात थोडे जास्त' हा आजही ऐकू येणारा सल्ला तेव्हापासूनचा आहे.

सेलेरॉन ३००ए :

काटकसरी ग्राहकाच्या इतिहासात २४ ऑगस्ट १९९८ या तारखेला विशेष स्थान द्यावे लागेल. त्यापूर्वी एप्रिलमध्ये इंटेलने सेलेरॉन नावाचा स्वस्त प्रोसेसर आणला होता. पेंटियम टूमधून दुसऱ्या स्तराची कॅश मेमरी पूर्ण काढून टाकून तो बनवला होता आणि परीक्षकांनी त्याची यथेच्छ निर्भर्त्सना केली. चूक सुधारण्यासाठी ऑगस्टमध्ये सुधारित सेलेरॉन आला. त्यात १२८ किलोबाइट कॅश थेट चिपवरच होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने चाले. त्याच दिवशी जाहीर झालेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम टूमध्ये कॅश ५१२ किलोबाइट होती, पण ती वेगळ्या चिपांवर व निम्म्या वेगाची. घाऊक खरेदीचा दर सेलेरॉन ३००एसाठी १४९ डॉलर, तर त्या पेंटियम टूसाठी ६६९ डॉलर.

आता यातील फट पाहावी. सेलेरॉन ३००एचा वेग ६६ मेगाहर्ट्झची बस गुणिले साडेचार असा ठरलेला होता. गुणक कुलूपबंद होता. बस मात्र मदरबोर्ड ठरवत असे. त्याच वर्षी आलेला ४४०बीएक्स हा चिपसंच १०० मेगाहर्ट्झची बस देत होता. १०० गुणिले साडेचार म्हणजे ४५०. अबिट या तैवानी कंपनीच्या बीएच६ मदरबोर्डवर तर पेटी न उघडता बायोसच्या पडद्यावरूनच बस बदलता येई. ज्या मदरबोर्डांवर ही सोय नव्हती, तेथे प्रोसेसरच्या कार्डावरील बी२१ क्रमांकाच्या संपर्कबिंदूवर चिकटपट्टीचा तुकडा लावून किंवा नेलपॉलिशचा थेंब देऊन मदरबोर्डची समजूत बदलली जाई. वेगळ्या, मंद कॅश चिपांचा अडथळा नसल्याने बरेचसे सेलेरॉन हा वाढीव वेग निमूटपणे सहन करीत. सगळेच करीत असे नाही. आणि न टिकल्यास वॉरंटीचा आधार नसे.

येथे एक प्रश्न नीतीचाही आहे. ३०० म्हणून विकलेली चिप ४५०वर चालवणे ही चोरी आहे काय? लेखकाच्या मते नाही. ग्राहकाने चिपची पूर्ण किंमत दिलेली असते. ती किंमत चिपच्या निर्मितीखर्चावरून ठरलेली नसून ग्राहकाच्या ऐपतीच्या अंदाजावरून ठरलेली असते, इतकेच. महागड्या प्रोसेसरचा खप टिकावा म्हणून स्वस्त प्रोसेसरवर मंदपणाची चिठ्ठी लावलेली होती. ग्राहकाने चिठ्ठी काढली. मात्र व्यापाऱ्याने चिठ्ठी बदलून ३००ची चिप ४५०ची म्हणून विकणे हा निराळा प्रकार आहे, आणि तोही त्या काळात घडत असे. गुणक कुलूपबंद करण्यामागे इंटेलने दिलेले एक कारण हेच होते.

यानंतरच्या दशकभरात अशा फटी वारंवार सापडत राहिल्या. एएमडीच्या २०००मधील ड्युरॉनवर तुटलेले जोड साध्या शिसपेन्सिलीने रेघ ओढून जोडता येत, कारण ग्राफाइट वीजवाहक असते. एटीआयच्या रेडिऑन ९५००मधील बंद ठेवलेले विभाग काहींना सॉफ्टवेअरने उघडता आले. २००९च्या फेनम टू एक्स२मधील दोन निद्रिस्त गाभे विशिष्ट मदरबोर्डांवर जागे होत. प्रत्येक वेळी नशिबाचा भाग होताच. बंद केलेला विभाग कधी खरोखर सदोष असे, कधी फक्त विक्रीच्या सोयीसाठी बंद असे.

'असेंबल्ड' आणि 'सीपीयू' :

हे भाग आपल्याकडे कसे पोहोचले, याचा मार्ग धोरणांतून जातो. नोव्हेंबर १९८४च्या संगणक धोरणाने आयात सैल होऊ लागली, १९९१नंतर परवान्यांचा काच कमी झाला, आणि १९९७मध्ये भारताने माहिती तंत्रज्ञान करारावर स्वाक्षरी केल्यावर संगणक व त्याच्या भागांवरील सीमाशुल्क टप्प्याटप्प्याने २००५पर्यंत शून्यावर यावयाचे ठरले. मुंबईत ग्रँट रोड स्थानकाजवळचा, कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग पण सर्वांच्या तोंडी लॅमिंग्टन रोड असलेला रस्ता या व्यापाराचे महाराष्ट्रातील केंद्र बनला. जिल्ह्याच्या गावांतील दुकानदार तेथून माल उचलत आणि 'असेंबल्ड' संगणक जोडून देत. कंपनीने बनवलेल्या 'ब्रँडेड' संगणकाहून तो स्वस्त पडे.

आपल्या भाषेनेही या व्यवहाराची खूण जपली आहे. मराठी घरांत 'सीपीयू' म्हणजे प्रोसेसर नव्हे, तर टेबलाखालचा संपूर्ण डबा. वीजपुरवठ्याच्या पेटीला जगभर 'पॉवर सप्लाय' म्हणतात. आपण 'एसएमपीएस' म्हणतो. शब्दांचा हा फरक वरवरचा नाही. ज्या डब्याला एकच नाव आहे, त्याच्या आतले प्रमाण विचारण्याची सवय कुटुंबप्रमुखाला नसणे स्वाभाविक होते. त्यामुळे प्रमाण ठरवण्याचा अधिकार बहुधा दुकानदाराकडे, आणि त्यातल्या त्यात घरातील एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे जाई. वडिलांना सांगितलेले कारण अभ्यासाचे असे. २००१मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम तोवर घरोघरी माहीत झाला होता, त्यामुळे ते पटतही असे. कोटेशनमध्ये ग्राफिक्स कार्डाची ओळ कशी बसवायची, हे कौशल्य निराळे. 'व्हाइस सिटी' खेळायला ३२ मेगाबाइटचे कार्ड लागते, असे पित्याला सांगता येत नसे.

इंग्रजी मासिकांतील घटकयाद्या अमेरिकी बाजारावरून बेतलेल्या असत. त्यांत यूपीएस नसे. महाराष्ट्रात २००५नंतरची काही वर्षे भारनियमनाची होती. तेथे यूपीएस हा चैनीचा नव्हे, आवश्यक घटक होता आणि त्याची किंमत वजा केल्यावरच ग्राफिक्स कार्डाचा विचार सुरू होई.

या संदर्भात एक वैयक्तिक अनुभव नोंदवणे अप्रस्तुत ठरू नये. २००७ साली प्रस्तुत लेखकाच्या घरी पहिला संगणक आला. पेंटियम ड्युअल-कोर प्रोसेसर, दोन रॅम स्टिक आणि बराच हट्ट करून मिळवलेले ग्राफिक्स कार्ड यांची यादी लेखकानेच केली होती आणि तिचा त्याला अभिमानही होता. एसएमपीएसचा विचार त्याने केला नव्हता. तो कॅबिनेटसोबत येतो, एवढेच ठाऊक होते. त्यावर '४५० वॅट' असे छापलेले होते. ग्राफिक्स कार्ड मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवरून वीज घेते आणि त्या वाहिनीची खरी क्षमता लेबलवरील मोठ्या आकड्यावरून कळत नाही, हे ज्ञान आठव्या महिन्यात एका संध्याकाळी जळका वास आला तेव्हा झाले. एसएमपीएसने जाताना मदरबोर्डलाही सोबत नेले. दुकानदाराने 'जळालेल्या मालाला वॉरंटी नसते' असे सांगितले. बारावीच्या परीक्षेपर्यंत तो डबा टेबलाखाली तसाच राहिला आणि वडिलांनी त्याविषयी एक शब्दही काढला नाही, हे अधिक जड गेले.

हा प्रसंग अपवादात्मक नाही. नाव आणि क्षमता यांतील फट एसएमपीएसच्या लेबलवर उलट्या दिशेने होती. सेलेरॉनवर कमी लिहून जास्त दिले होते. येथे जास्त लिहून कमी दिले होते. काटकसरी ग्राहकाला ज्या भागातून खेळाच्या पडद्यावर काहीही दिसत नाही, तेथेच पैसे वाचवण्याचा मोह होतो. पुढे '८० प्लस' सारख्या प्रमाणपत्रांनी काही प्रमाणात शिस्त आणली, तीही कार्यक्षमतेपुरती.

नावांचा बाजार :

२०११मध्ये इंटेलने आपल्या 'सँडी ब्रिज' प्रोसेसरांत बसचा वेग यंत्रातील इतर सर्व वेगांशी बांधून टाकला. बस वाढवली की बाकीचे भागही वेडेवाकडे चालू लागत. गुणक उघडा हवा असल्यास 'के' अक्षराचा महाग प्रोसेसर घ्यावा आणि सोबत मदरबोर्डही वरच्या दर्जाचा, अशी नवी व्यवस्था आली. तेरा वर्षांपूर्वी जे स्वस्त चिपमधून फुकट मिळत होते, ते आता महागड्या चिपचे वैशिष्ट्य म्हणून विकले जाऊ लागले. प्रोसेसरमधील फट अशा रीतीने बुजली.

ग्राफिक्स कार्डांत मात्र फटीची दिशा फिरली. याची सुरुवात जुनी आहे. फेब्रुवारी २००२मध्ये एनव्हिडियाने 'जीफोर्स ४ एमएक्स' आणले. २००१च्या 'जीफोर्स ३'मध्ये प्रोग्राम करता येणारे शेडर होते. क्रमांकाने पुढच्या असलेल्या या कार्डात ते नव्हते, कारण त्याची रचना मूलतः 'जीफोर्स २'च्या घराण्यातील होती. दोन-एक वर्षांत शेडर आवश्यक असणारे काही खेळ त्यावर सुरूच होईनात. आकडा मोठा तर वस्तू नवी, हा सामान्य समज येथे ग्राहकाच्या विरोधात वापरला गेला, असेच म्हणावे लागते.

पुढे ही रीत पक्की झाली. २०१६मधील 'जीटीएक्स १०६०' दोन प्रकारांत आले, ३ गिगाबाइट व ६ गिगाबाइट. ग्राहकाला वाटावे की फरक मेमरीचा. प्रत्यक्षात लहान कार्डात गणना करणारे गाभेही १२८०ऐवजी ११५२ होते. 'जीटी १०३०' या सर्वांत स्वस्त कार्डाची २०१८मधील आवृत्ती त्याच नावाने, पण संथ डीडीआर४ मेमरीसह आली आणि मेमरीची वहनक्षमता मूळच्या सुमारे एक तृतीयांशावर आली. जानेवारी २०२२मधील एएमडीच्या 'आरएक्स ६५०० एक्सटी'ला मदरबोर्डशी जोडणाऱ्या केवळ चार वाहिन्या होत्या. चौथ्या पिढीच्या नव्या मदरबोर्डवर त्या चालून जात; तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर निम्मी वहनक्षमता उरे आणि खेळ अडखळत. स्वस्त कार्ड कोण घेतो? बहुधा ज्याच्याकडे जुना मदरबोर्ड आहे तोच. या उदाहरणात निर्मात्याची बचत आणि गरजू ग्राहकाचे नुकसान एकाच बिंदूवर येऊन मिळाले.

न्यायासाठी दुसरी बाजूही मांडली पाहिजे. २०१७मध्ये एएमडीच्या रायझन प्रोसेसरांसाठी एएम४ हा सॉकेट बाजारात आला. त्या वर्षी घेतलेल्या अनेक मदरबोर्डांवर २०२२मध्ये बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतील प्रोसेसर बसवता आले. कमी ऐपतीच्या घरासाठी याचा अर्थ फार मोठा आहे. पाच वर्षांनी संपूर्ण संगणक बदलण्याऐवजी एकच भाग बदलला की भागते. रायझनच्या २०१८मधील २२००जी या प्रोसेसरात चित्रणाचा बऱ्यापैकी विभाग अंतर्भूत असल्याने कार्ड न घेताही साधे खेळ चालत. मात्र हा विभाग मुख्य रॅमच वापरतो, म्हणून ८ गिगाबाइटची एक स्टिक घेण्यापेक्षा ४च्या दोन घेणे हिताचे ठरे. दोन मार्गांनी मेमरी वाचता आल्याने चित्रांचा वेग लक्षणीय वाढे. दुकानात मात्र 'पुढे वाढवता येईल' म्हणून एकच स्टिक गळ्यात मारण्याची पद्धत होती. सल्ला प्रामाणिक असे, फक्त तो कार्ड असलेल्या संगणकाच्या काळातला असे.

किमतींचा भूगोल :

घटकनिवडीवर ग्राहकाच्या शहाणपणापलीकडच्या गोष्टींचाही अंमल राहिला आहे. सप्टेंबर १९९९च्या तैवानमधील भूकंपाने मेमरी महागली. २०११च्या अखेरीस थायलंडमधील पुराने हार्ड डिस्क महागल्या. ऑगस्ट २०१३मध्ये डॉलर ६८ रुपयांपलीकडे गेल्यावर तर सर्वच कोटेशने पुन्हा लिहावी लागली. २०१७-१८ आणि पुन्हा २०२१च्या सुमारास आभासी चलनाच्या उत्खननासाठी ग्राफिक्स कार्डांना इतकी मागणी आली की खालच्या किमतीची श्रेणी जवळपास रिकामी झाली. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियमने उत्खननाची पद्धतच सोडली, तेव्हा वापरलेली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली.

मेमरीच्या बाबतीत चक्र पुन्हा फिरले आहे. १९९६मध्ये मेमरी चिपच्या किमती कोसळल्या म्हणून व्हूडू शक्य झाले, हे वर पाहिलेच. २०२५च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विदाकेंद्रांची मागणी वाढल्याने त्याच प्रकारच्या चिपच्या किमती झपाट्याने चढल्या आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉन कंपनीने 'क्रुशल' या नावाने चालणारा आपला ग्राहकोपयोगी व्यवसाय बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. ज्या घटकाचा विचार यादीत सर्वांत शेवटी होत असे, तो आता सर्वांत आधी करावा लागतो. आमच्या महाविद्यालयातील द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने अलीकडेच आपले कोटेशन लेखकास दाखवले. त्यात १६ गिगाबाइट रॅमची रक्कम प्रोसेसरच्या रकमेपेक्षा अधिक होती. एसएमपीएसची ओळ त्याने न सांगता वेगळी आणि चांगल्या दर्जाची लिहिली होती. दोन स्टिकचा फायदा त्याला ठाऊक आहे. तरीही तूर्त ८ गिगाबाइटची एकच घेऊन दुसरा स्लॉट रिकामा ठेवण्याचे त्याने ठरवले आहे.